गिऱ्हाईकच तोडणी करते तेव्हा
न्यूयॉर्कजवळच्या सफरचंद-बागा आणि त्यांचा शरदातला बाजार

ऊस उत्पादकाला सफरचंदाशी काय देणे-घेणे, असा प्रश्न हा लेख उघडताच कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत घालून न्यायचे फळ, एवढीच आपली व सफरचंदाची ओळख. परंतु तोडणीला टोळी न मिळणे, मालाचा भाव दुसऱ्याने ठरविणे, अवकाळीने तोंडचा घास जाणे आणि रस्त्याकडेच्या रानावर प्लॉटवाल्यांचा डोळा असणे, ही चार दुखणी ज्याला ठाऊक आहेत त्याला अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचा सफरचंद-बागायतदार परका वाटणार नाही. त्यांच्यापैकी काहींनी पहिल्या दुखण्यावर असा तोडगा काढला आहे की ऐकून हसू यावे. तोडणी गिऱ्हाईकानेच करावयाची, आणि वर पैसेही गिऱ्हाईकानेच द्यावयाचे!

आपल्या भागातली बरीच मुले-मुली आता अमेरिकेत नोकरीला आहेत आणि त्यांचे आई-वडील तीन-चार महिने तिकडे राहून येतात. मीही असाच मुलीकडे न्यूजर्सीत होतो. शेतकी खात्यात उभी हयात गेलेल्या माणसाला उंच इमारती दाखवून काय उपयोग, हे जावईबापूंनी ओळखले असावे. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी त्यांनी गाडी उत्तरेला वॉर्विक गावाकडे काढली. दीड तासाचा रस्ता. न्यूयॉर्क शहरापासून हडसन नदीच्या काठाने वर गेले की ऑरेंज, अल्स्टर, डचेस असे जिल्हे लागतात. टेकड्यांचा मुलूख, मेपलची झाडे लाल-पिवळी झालेली, आणि उतारांवर सफरचंदाच्या बागा. सफरचंदात अमेरिकेत पहिला नंबर पश्चिमेकडच्या वॉशिंग्टन राज्याचा. देशाचा निम्म्याहून बराच अधिक माल तिथला. न्यूयॉर्क दुसरे.

बागेच्या फाटकाशी गाड्यांची रांग बघून मला गव्हाणीपुढच्या बैलगाड्यांची आठवण झाली. कुंपणाच्या आतच गाड्या लावायला मोठे गवताळ रान मोकळे सोडलेले. खिडकीवर पैसे भरून रिकामी पिशवी घ्यावयाची. तिथे मापे जुनी आहेत. सफरचंदाचे एक बुशेल म्हणजे ४२ पौंड, आपले १९ किलो. त्याच्या चौथ्या हिश्शाला पेक म्हणतात, म्हणजे पावणेपाच किलो. पेकभर पिशवीला पंचवीस-तीस डॉलर पडतात. पिशवीबरोबर बागेचा नकाशा देतात आणि आज कुठल्या जातीच्या ओळी खुल्या आहेत ते फळ्यावर लिहिलेले असते. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गाठींवर बसून मंडळी बागेत. ट्रॉलीत बसायला माणसे पैसे देतात, हे बघून मला आपल्या ट्रॅक्टरवाल्यांची कीव आली.

फळ ओढायचे नाही, वळवायचे

पाटीवर चित्रासह लिहिलेले होते की फळ ओढू नका. तळव्यात धरा, वर उचला आणि जरासे वळवा. पिकलेले फळ देठासकट हातात येते. येत नसेल तर ते तयार नाही. असे का, ते समजून घेण्यासारखे आहे. ज्या आखूड जाड काडीवर फळ लागते त्या काडीवरच पुढच्या वर्षीचा डोळा असतो. हिसका दिला की काडी मोडते आणि पुढच्या सालचे फळही गेले. खोडवा राखायच्या उसाला बुडख्याशी नीट तोडावे लागते, तसेच हे. आता शहरातून आलेल्या पोराटोरांना हे किती समजणार? ओळीओळीत खाली पडलेल्या फळांचा सडा होता. दर शनिवार-रविवारी बागायतदाराला हे नुकसान सोसावे लागते.

शिडी मात्र कुठेच दिसली नाही. जुनी सफरचंदाची झाडे वीस-पंचवीस फूट वाढत आणि एकरात तीस-चाळीस बसत. इंग्लंडातल्या ईस्ट मॉलिंग केंद्राने बुटके खुंट तयार केले, त्यांत एम-९ हा विशेष प्रसिद्ध. त्या खुंटावर कलम केले की झाड दहा-बारा फुटांवर थांबते, तारेला बांधून वाढवितात आणि एकरी हजाराच्या आसपास झाडे बसतात. उत्पन्न लवकर सुरू होते हा हेतू; पण फळ हाताशी आल्यामुळे लहान मुलालाही तोडता येऊ लागले. खुंट बुटका झाला नसता तर झाडावरून पडून मोडलेल्या हातापायांचे दावे लढण्यातच हा धंदा बुडाला असता, असे आपले माझे मत.

जातींचे वेळापत्रक सभासदांना लगेच समजेल. आपल्याकडे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू असा क्रम लागतो ना, तसा तिथे मकिंटॉश सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापासून, पुढे हनीक्रिस्प, कोर्टलँड, एम्पायर, आणि ऑक्टोबरात डिलिशियस व फुजी. मकिंटॉश हे कॅनडातल्या ओंटारिओत १८११ साली जॉन मकिंटॉश या शेतकऱ्याला आपोआप उगवलेले सापडलेले झाड. कोर्टलँड आणि एम्पायर या जाती न्यूयॉर्क राज्याच्याच जिनिव्हा येथील संशोधन केंद्राने काढल्या, पहिली १८९८ च्या संकरातून, दुसरी १९६६ साली प्रसारित. हनीक्रिस्प मिनेसोटा विद्यापीठाची, १९९१ ची. आपल्याला पाडेगाव केंद्राचे जे महत्त्व, ते तिथल्या बागायतदारांना जिनिव्हाचे.

पक्वता तपासायची रीत तर मला फारच आवडली. हँड रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स बघतातच, पण खरी परीक्षा आयोडिनची. फळ आडवे कापून आयोडिनच्या पाण्यात बुडवितात. स्टार्च आहे तिथे काळे-निळे पडते, साखर झाली आहे तिथे पांढरे राहते. पिकणे गाभ्यापासून सुरू होऊन सालीकडे जाते. आणि इथेच ऊस व सफरचंद यांच्यातला मोठा फरक आहे. ऊस तोडला की त्यातली साखर तासातासाने घटत जाते, म्हणून तर आपली सगळी धावपळ. सफरचंदात तोडल्यावरही स्टार्चची साखर होत राहते, आणि थंड कोठीत हवेतला प्राणवायू कमी करून ठेवले तर ते आठ-दहा महिने टिकते. ही सोय झाली आणि लहान बागायतदाराच्या गळ्याला फास लागला. कारण वॉशिंग्टनचा एकसारखा, चकचकीत माल बारा महिने दुकानात हजर! न्यूयॉर्कच्या तीस-चाळीस एकरांच्या बागेने घाऊक बाजारात त्याच्याशी कशी टक्कर द्यावी?

तोडणारी टोळी

आता तोडणीचे बघू. सफरचंद यंत्राने तोडता येत नाही असे नाही, परंतु खायच्या फळाला डाग चालत नाही, म्हणून अजून सगळे काम हातानेच होते. दुसऱ्या महायुद्धात माणसे लढाईवर गेली तेव्हा १९४३ साली अमेरिकेने जमैका व आसपासच्या बेटांवरून शेतमजूर आणण्याची योजना काढली. जमैकाची माणसे न्यूयॉर्क व न्यू इंग्लंडच्या बागांत सफरचंद तोडीत, आणि जमैकाचीच माणसे फ्लोरिडात ओकीचोबी तलावाकाठी ऊस तोडीत. फ्लोरिडाच्या उसात १९९० च्या दशकात यंत्रे आली आणि हाताची तोड संपली. सफरचंदात मात्र अजूनही जमैका व मेक्सिकोहून टोळ्या येतात. आपल्याकडे बीडहून येतात, तिथे समुद्र ओलांडून येतात, एवढाच फरक.

या हंगामी परवान्याला एच-२ए म्हणतात. मजुराला राहायला घर व जाण्या-येण्याचे भाडे मालकाने द्यावयाचे आणि सरकारने ठरविलेल्या किमान दरापेक्षा कमी मजुरी द्यावयाची नाही. न्यूयॉर्क राज्यात २०२४ साली हा दर ताशी १७ डॉलर ८० सेंट होता. शिवाय आठवड्यात किती तासांपुढे जादा दराने मजुरी द्यावी, ती मर्यादा राज्याने ६० तासांवरून टप्प्याटप्प्याने खाली आणावयाचे ठरविले असून २०३२ पर्यंत ती ४० वर येईल. मजुराच्या बाजूने बघता हे न्याय्यच आहे. उचल घेऊन येणाऱ्या आपल्या तोडणी मजुराला असे कायद्याचे घर व तासाचा हिशेब मिळाला तर कोणाला नको आहे? पण बागायतदाराच्या वहीत हा खर्च सर्वांत मोठा होऊन बसतो, हेही तितकेच खरे.

‘आपले आपण तोडा’ ही पद्धत याच पेचातून निघाली. १९३० च्या दशकातल्या मंदीत भाव पडले, पुढे महायुद्धानंतर मजूर मिळेना, तेव्हा काही शेतकऱ्यांनी शहरवाल्यांना रानात बोलाविले. १९६०-७० च्या सुमारास घरोघरी मोटारी आणि रुंद रस्ते झाल्यावर ही पद्धत फोफावली. सुरुवातीला लोक स्वस्त मिळते म्हणून येत. पिंपभर फळे नेत, मुरंबे घालीत. आता तसे राहिलेले नाही. आज बागेत तोडलेले फळ दुकानातल्यापेक्षा महाग पडते, तरी लोक येतात. कारण ते फळासाठी येतच नाहीत. लेकरांना झाड दाखवायचे, फोटो काढायचे, दिवस उघड्यावर घालवायचा. बागायतदार विकतो तो हा दिवस, सफरचंद निमित्ताला.

हिशेब असा. अमेरिकी कृषी खात्याच्या आकडेवारीनुसार ग्राहकाने अन्नावर खर्च केलेल्या एका डॉलरपैकी शेतकऱ्याच्या हाती साधारण पंधरा सेंट येतात. बाकी प्रक्रिया, वाहतूक, दुकान, हॉटेल यांत जाते. डागी फळ रसाच्या कारखान्याला गेले तर पौंडाला नुसते काही सेंट. याउलट फाटकावर विकलेल्या पिशवीचा सगळा डॉलर घरात. तोडणी नाही, खोके नाही, कोठी नाही, वाहतूक नाही. आपल्या बिलातून तोडणी-वाहतूक वजा होते, इथे तोडणारा स्वतःच्या पेट्रोलने येऊन माल घेऊन जातो!

पण म्हणून हुरळून जाऊ नये. जमेच्या शेजारी नावेची बाजूही आहे. जखमी झालेल्या पाहुण्याच्या दाव्यासाठी विमा उतरावा लागतो. शौचालये, गाड्यांची व्यवस्था, शनिवार-रविवारची वाढीव माणसे लागतात. खाली पडणारे फळ आणि तिथल्या तिथे खाल्लेले फळ, याला पावती नाही. शिवाय सगळा धंदा सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबर अखेरपर्यंतच्या आठ-नऊ शनिवार-रविवारांचा, त्यात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येणारी कोलंबस दिनाची सुटी म्हणजे दिवाळी. त्या तीन दिवसांत पाऊस लागला तर वर्षाचा मोठा हिस्सा पाण्यात. आणि बाग शहरापासून तास-दोन तासांत असली तरच हे जमते. दूर कोपऱ्यातल्या बागेला गिऱ्हाईक कुठून येणार? म्हणून जाणते बागायतदार रस्त्याकडच्या काही ओळीच पाहुण्यांना खुल्या ठेवतात आणि आतल्या बागेत टोळी लावून घाऊक माल काढतात.

निसर्गाचे तर विचारूच नका. मे महिन्यात बाग फुलते. ऐन फुलोऱ्यात पारा शून्याखाली दोन अंश गेला तर दहांतले एक फूल मरते, चार अंश गेला तर दहांतली नऊ. दोनच अंशांचा खेळ! २०१२ साली मार्चमध्येच ऊन तापले, झाडे महिनाभर आधी फुलली आणि एप्रिलच्या थंडीत सापडली. मिशिगन राज्याचे सुमारे नव्वद टक्के पीक गेले, न्यूयॉर्कचे जवळजवळ निम्मे. २०२३ च्या १८ मेच्या पहाटे पुन्हा तसेच कडाक्याचे दंव पडले, न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये वाटाण्याएवढी झालेली फळे काळी पडली. त्या वर्षी काही बागांनी पाहुण्यांसाठी फाटकच उघडले नाही. काही ठिकाणी खांबावर विमानाच्या पंख्यासारखे मोठे पंखे बसविलेले दिसतात; वरची उबदार हवा खाली ढकलण्यासाठी ते पहाटे चालवितात.

चरक आणि चोथा

बागेच्या टोकाला रस काढण्याची शेड होती. खाली पडलेले व डागी फळ इथे येते असा माझा समज होता, पण जमिनीवर पडलेले फळ चांगल्या ठिकाणी रसात घेत नाहीत. १९९० च्या दशकात कच्च्या रसातून जंतुबाधा होऊन माणसे आजारी पडली, तेव्हापासून रस तापविणे किंवा किरणांखालून नेणे असे नियम कडक झाले. फळ दळतात, लगदा कापडात गुंडाळून थरावर थर रचतात आणि वरून दाब देतात. एका बुशेलला साधारण अकरा लिटर रस. उरलेला चोथा जनावरांना. हा गढूळ, तपकिरी, न गाळलेला रस म्हणजे तिथले सायडर, आणि त्याच रसात पीठ भिजवून तळलेली गोल वडेवजा गोड वस्तू पाहुणे डझनाने नेतात. नुसत्या फळापेक्षा या तळणीवर नफा अधिक असावा, असे रांगेकडे बघून वाटले. गुऱ्हाळावर गरम काकवी पिणाऱ्याला हा वास ओळखीचा वाटेल.

सहकारही तिथे आहे बरे का! पेनसिल्व्हेनियात १९४९ पासून नाऊस फूड्स आणि वॉशिंग्टनमध्ये १९६० पासून ट्री टॉप, या दोन्ही संस्था बागायतदार सभासदांच्या मालकीच्या. खायला न चालणारे फळ वाया न जाता त्याचा रस, मगज करून विकणे हे त्यांचे काम.

ज्याची बाग पाहुण्यांच्या वाटेवर नाही, तो माल घेऊन शहरात जातो. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार व शनिवार शेतकऱ्यांचा बाजार भरतो. बॅरी बेनेपी नावाच्या नगररचनाकाराने १९७६ साली हे ग्रीनमार्केट सुरू केले आणि त्याच वर्षी थेट विक्रीला उत्तेजन देणारा कायदाही वॉशिंग्टनमध्ये झाला. बाजाराचा नियम एकच पण कडक. स्वतः पिकविले तेच विकायचे, दुसऱ्याकडून आणून विकायचे नाही. तपासनीस शेतावर येऊन बघतात. १९९४ साली अमेरिकेत असे १,७५५ बाजार मोजले गेले, २०१४ मध्ये ८,२६८. शनिवारी तिथे फिरलो तर आपला आठवडी बाजारच. फरक इतकाच की घासाघीस कोणी करीत नाही. मला तर ते अळणीच वाटले.

जमिनीचा विषय सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही. शहरापासून दीड तासावरची टेकडीवरची जमीन, तीवर घरे बांधणारे टपलेलेच असतात. बाग तोट्यात आणि प्लॉटला सोन्याचा भाव, मुले शहरात. मग काय होते ते आपण महामार्गाकडेला रोज बघतो. यावर न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक जिल्ह्याने १९७४ मध्ये एक नवीन वाट काढली. शेतकऱ्याकडून जमीन घ्यावयाची नाही, फक्त तीवर बांधकाम करण्याचा हक्क पैसे देऊन विकत घ्यावयाचा. जमीन शेतकऱ्याचीच राहते, विकताही येते, पण पुढे कायम शेतीच करावी लागते. मिळालेल्या पैशातून कर्ज फिटते, भावाचा हिस्सा देता येतो, नवी कलमे लावता येतात. मॅसॅच्युसेट्सने १९७७ साली तसाच कायदा केला आणि नंतर बऱ्याच राज्यांनी त्याचे अनुकरण केले. आपल्या राज्यात असे काही होईल का, याचा विचार कोणी तरी केला पाहिजे. एन.ए. झालेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिलेला मी तरी पाहिलेला नाही.

आपल्याकडे या पद्धतीचा अंश नाही असे नाही. हुरड्याला पुण्याहून माणसे येतात, महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी तोडू देतात. फळे-भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून निघाला आणि २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरणही आले. उसाला ‘तुम्हीच तोडून न्या’ म्हणता येणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या सभासदाचे रान हमरस्त्याला लागून आहे, विहिरीला पाणी आहे आणि घरात बोलकी सून किंवा मुलगा आहे, त्याने वीस-तीस गुंठे पेरू, सीताफळ किंवा हुरड्याची ज्वारी आणि शेजारी चार दिवस गुऱ्हाळ, असा हिशेब कागदावर तरी मांडून बघावा. मांडताना वर लिहिलेली नावेची बाजू गाळू नये.

जे सभासद मुलांकडे अमेरिकेत जाणार असतील त्यांनी बाग बघायला शक्यतो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कामाच्या वारी जावे. गर्दी नसते आणि बागवाला बोलायला मोकळा असतो. निघण्यापूर्वी फोन करून कुठली जात सुरू आहे ते विचारावे, कारण ओळी फळ संपताच बंद करतात. तिथली कलमकाडी मात्र सामानात लपवून आणू नये. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवाना व रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय ती आणता येत नाही, आणि रोग आला तर हिमाचलच्या बागांना झळ लागेल. त्या बागाही मूळच्या तिकडच्याच. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने १९१६ साली कोटगडला डिलिशियसची कलमे लावली, तिथून त्या पसरल्या. आपल्या उष्ण हवेत लावून बघायची हौसच असेल तर हिमाचलच्या हरिमन शर्मा यांनी शोधलेली एचआरएमएन-९९ ही कमी थंडीवर येणारी जात आहे. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिची दोन-चार झाडे बांधावर लावून बघावीत, एकरभर नकोत. मकिंटॉश फार नरम, प्रवासात टिकत नाही. ते झाडाखाली उभे राहूनच खाऊन यावे.